यशोभूमीतील परिषदेसाठी दिल्लीत कोठे उतरावे

दिल्लीतील परिषदेचे पत्र आले की त्यावरील ‘नवी दिल्ली’ एवढे दोन शब्द वाचून खोली शोधायला बसू नये. सभास्थान नेमके कोणते आहे, हे आधी पाहावे. प्रगती मैदानावरील भारत मंडपम, द्वारका सेक्टर २५ मधील यशोभूमी आणि ग्रेटर नोएडातील इंडिया एक्स्पो मार्ट या तिन्ही जागा बोलण्यात सरसकट ‘दिल्ली’ म्हणून येतात. प्रत्यक्षात त्या महानगराच्या तीन दिशांना आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भरलेले वाहनउद्योगाचे मोठे प्रदर्शन या तिन्ही ठिकाणी विभागलेले होते, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यात निम्मा दिवस खर्च होणे तेथे सहज शक्य होते.

आमच्या विषयाची परिषद गेल्या हिवाळ्यात यशोभूमीत झाली. महाविद्यालयातून आणि ओळखीच्या इतर संस्थांतून आलेले आम्ही बरेच जण शहराच्या वेगवेगळ्या भागांत उतरलो होतो: कोणी द्वारकेत, कोणी महिपालपूरला, कोणी एरोसिटीत, कोणी करोल बागेत, आणि मी कनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गाच्या परिसरात. रोज सकाळी चहाच्या वेळी कोण किती वाजता निघाले आणि किती वाजता पोहोचले, याची चर्चा आपोआप होत असे. त्या चर्चेतून माझे जे मत बनले ते असे, की यशोभूमीसाठी मुक्कामाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. मेट्रोच्या एअरपोर्ट एक्सप्रेस मार्गावरील कोणत्या स्थानकापर्यंत पायी जाता येते, एवढेच पाहावे.

हा मार्ग नवी दिल्ली रेल्वे स्थानकापासून निघतो आणि शिवाजी स्टेडियम, धौला कुआँ, एरोसिटी, विमानतळाचे टर्मिनल ३ आणि द्वारका सेक्टर २१ असे थांबे घेत यशोभूमीला संपतो. शेवटचा टप्पा १७ सप्टेंबर २०२३ रोजी, यशोभूमीच्या उद्घाटनाच्याच दिवशी सुरू झाला. थांबे थोडे आणि वेग जास्त असल्यामुळे नवी दिल्लीहून निघालेली गाडी वीस-बावीस मिनिटांत यशोभूमीला पोहोचते, आणि स्थानकातून बाहेर पडले की सभास्थान समोरच असते. गाड्या दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असल्याने एखादी चुकली तरी पहिले सत्र चुकत नाही. महिपालपूर नकाशावर कनॉट प्लेसच्या तुलनेत निम्म्याहून कमी अंतरावर दिसते. तरीही तेथे उतरलेले सहकारी माझ्यानंतर पोहोचत.

महिपालपूरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कमी भाड्यामुळे आणि हॉटेलांच्या नावात सर्रास असणाऱ्या ‘एअरपोर्ट’ या शब्दामुळे आपल्याकडील बरेच लोक तेथेच नोंदणी करतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला लहान-मोठ्या हॉटेलांची दाट रांग आहे. मध्यरात्री उतरून पहाटेचे विमान पकडणाऱ्यासाठी ती जागा ठीक आहे. परंतु वस्तीच्या आत मेट्रो नाही; एरोसिटी स्थानक महामार्गाच्या पलीकडे आहे, आणि हातात पोस्टरची नळी व खांद्यावर लॅपटॉप घेऊन तो महामार्ग ओलांडणे कोणाही शहाण्या माणसाला सुचवण्यासारखे नाही. म्हणजे रोज टॅक्सी आली, आणि टॅक्सी आली म्हणजे सकाळची कोंडीही आली. ऑगस्ट २०२५ मध्ये द्वारका एक्सप्रेसवेचा दिल्लीतील भाग खुला झाल्यापासून शिवमूर्तीकडून द्वारकेकडे जाणारा रस्ता सुधारला आहे, हे खरे. तरी सहा-सात जणांनी मिळून गाडी ठरवली असेल तरच महिपालपूरचा हिशेब जमतो.

एरोसिटी मात्र त्याच मेट्रो मार्गावर आहे, स्वच्छ आहे, रात्री उशिरा चालण्यासही सुरक्षित वाटते, आणि तेथून यशोभूमी अवघ्या तीन थांब्यांवर येते. अडचण एकच, ती म्हणजे दर. तेथील बहुतेक हॉटेले मोठ्या साखळ्यांची आहेत, आणि विद्यापीठाच्या प्रवासभत्त्यात ती क्वचितच बसतात. ज्यांचा खर्च कंपनी करते त्यांनी फार विचार न करता तेथेच उतरावे.

द्वारका हा सर्वांत जवळचा आणि म्हणून सर्वांत फसवा पर्याय आहे. ‘द्वारका’ म्हणजे सेक्टरांत विभागलेले एक स्वतंत्र उपनगरच आहे, आणि सेक्टर १० किंवा १२ मधील खोली यशोभूमीच्या शेजारी असेल असे समजू नये. त्या सेक्टरांतून ब्लू लाइनने सेक्टर २१ ला यावे लागते आणि तेथे गाडी बदलून एक थांबा पुढे जावे लागते. हे जमण्यासारखे आहे, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या शांत गल्ल्यांतील अतिथिगृहे कुटुंबासह आलेल्यांना सोयीची वाटली. परंतु संध्याकाळी सत्रे संपल्यावर करण्यासारखे तेथे फारसे काही नाही, आणि दिल्लीला जाऊन दिल्ली न पाहता परत येणे निदान मला तरी पटत नाही. यशोभूमीच्या भोवतालच्या भागातही अजून मोकळ्या जमिनीच जास्त आहेत. दुपारी बाहेर जाऊन जेवू, असा बेत आखू नये.

आता शहराच्या मध्यभागाकडे येतो. पहाडगंज स्वस्त आहे आणि नवी दिल्ली स्थानकाला लागून आहे, म्हणून एअरपोर्ट एक्सप्रेसही दाराशीच असणार असा समज होतो. ती मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे आणि पहाडगंज रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या बाजूला. मधले सगळे फलाट पादचारी पुलावरून ओलांडावे लागतात. सामान नसेल तर हरकत नाही, पण पहिल्या आणि शेवटच्या दिवशी ती पायपीट जाणवते. पहाडगंजच्या पश्चिम टोकाला खोली मिळाली तर रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावरून ब्लू लाइन धरावी. गाडी सेक्टर २१ पर्यंत सरळ जाते, मात्र पाऊण तासाहून जास्त वेळ घेते. करोल बागेचेही असेच आहे. ब्लू लाइनच्या पुढच्या डब्यात फक्त स्त्रियांना प्रवेश असतो. सकाळच्या गर्दीत एकट्या जाणाऱ्या भगिनींना त्याचा मोठा आधार वाटतो.

करोल बाग आणि पहाडगंज या दोन्ही भागांत खोली पाहताना एक चौकशी भीड न बाळगता करावी: खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, आणि उतरायला दुसरा जिना आहे का. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतील एका हॉटेलला पहाटे आग लागून १७ जणांचा मृत्यू झाला होता. अरुंद भूखंडांवर उंच वाढवलेल्या इमारतींत आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या खोल्या आजही दिल्या जातात, आणि संकेतस्थळावरील छायाचित्रांत पडदा ओढलेला असल्यामुळे त्यामागे भिंत आहे हे कळत नाही.

मी निवडलेला शिवाजी स्टेडियमचा परिसर स्वस्त म्हणता येणार नाही, पण जयसिंग मार्गावरील वायएमसीएच्या वसतिगृहासारखे मध्यम दराचे पर्याय तेथे आहेत, मात्र त्यांची नोंदणी बरीच आधी करावी लागते. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर बंगला साहिब गुरुद्वारा, हनुमान मंदिर आणि निरनिराळ्या राज्यांची हस्तकला दालने आहेत. राजीव चौकही पायी गाठता येतो, आणि तेथून येलो लाइन व ब्लू लाइन दोन्ही मिळतात. दिवसभर वातानुकूलित सभागृहात बसल्यावर संध्याकाळी पाय मोकळे करण्यासाठी दिल्लीत याहून चांगली जागा मला माहीत नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनातील निवास प्रामुख्याने शासकीय कामासाठी आलेल्यांना मिळतो, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये. तेथील उपाहारगृहात मात्र पिठले-भाकरीची हौस जरूर भागवून घ्यावी.

रेल्वेने येणाऱ्यांनी गाडी कोणत्या स्थानकावर थांबते, हेही मुक्काम ठरवताना लक्षात घ्यावे. मुंबई सेंट्रलहून येणारी मुंबई राजधानी आणि पुण्याहून येणारी झेलम एक्सप्रेस नवी दिल्लीला येतात. ऑगस्ट क्रांती राजधानी, नाशिक-जळगावमार्गे येणारी मध्य रेल्वेची राजधानी, पुणे दुरांतो आणि गोवा एक्सप्रेस या गाड्या हजरत निझामुद्दीनला येतात. निझामुद्दीनला उतरल्यास टॅक्सीसाठी घासाघीस करण्यापेक्षा सराय काले खाँ येथून पिंक लाइन धरावी आणि दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानकावर उतरावे. चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी आणि संविधान सभेच्या सदस्य असलेल्या दुर्गाबाईंचे नाव त्या स्थानकाला आहे. तेथून सरकत्या पट्ट्यांच्या लांब पादचारी पुलावरून धौला कुआँला जाता येते आणि एअरपोर्ट एक्सप्रेस मिळते. विमानाने येणाऱ्यांनी टर्मिनल पाहून घ्यावे, कारण एअरपोर्ट एक्सप्रेस टर्मिनल ३ ला जाते. टर्मिनल २ तेथून पायी गाठता येते. टर्मिनल १ मात्र दूर, मॅजेंटा लाइनवर आहे.

तारखांचाही दरांशी जवळचा संबंध आहे. दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा असतो, आणि मध्य दिल्लीतील तसेच करोल बागेतील खोल्या तेव्हा व्यापाऱ्यांनी भरलेल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिकडील लगनसराईचा काळ असल्यामुळे द्वारका आणि महिपालपूरकडे वऱ्हाडांची गर्दी होते. आमचे एक सहकारी सादरीकरणाच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बँड ऐकत बसले होते. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात मध्य दिल्लीतील रस्ते तालमीसाठी बंद होतात आणि सकाळचे काही तास विमानांची ये-जाही थांबवली जाते. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत धुक्यामुळे रेल्वे आणि विमाने दोन्ही रखडतात, त्यामुळे पहिल्या सत्रात ज्यांचा निबंध असेल त्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचण्याचाच बेत करावा आणि जादा रात्रीचे भाडे खर्चात धरून ठेवावे.

नोंदणी करताना रद्द करण्याची मुभा असलेला दर घ्यावा, मग तो थोडा महाग असला तरी चालेल, कारण आयोजक सत्रांचे वेळापत्रक शेवटच्या आठवड्यातही बदलतात. बिलावर आपल्या संस्थेचे नाव आणि तिचा जीएसटी क्रमांक खोली सोडण्यापूर्वीच घालून घ्यावा. गावी परतल्यावर दूरध्वनीवरून ते बिल सुधारून मिळवणे जिकिरीचे होते.

शेवटच्या दिवशी खोली साधारणतः बारापर्यंत सोडावी लागते आणि समारोप पाचला असतो. मेट्रोत प्रत्येक प्रवेशाला सामान तपासणी यंत्रातून जावे लागत असल्याने मोठी बॅग यशोभूमीला नेऊन परत आणणे त्रासाचे ठरते. ती हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून पावती घ्यावी; मध्य दिल्लीतील हॉटेले ही सोय सहसा नाकारत नाहीत. नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या मेट्रो स्थानकांवर काही विमान कंपन्यांचे सामान तेथेच जमा करून घेतले जाते, तेव्हा आपल्या कंपनीकडे त्याची चौकशी आधी करून ठेवावी आणि सोय असेल तर समारोपाला फक्त खांद्यावरची पिशवी घेऊन जावे.