गावच्या रेडिओचा मालक कसा शोधायचा?

राजकीय पक्षाला रेडिओ केंद्र काढता येत नाही. सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे स्थानिक संस्थांनी चालवायच्या छोट्या केंद्रांच्या, नियमांत पक्ष तर बाद आहेच, शिवाय त्याच्या विद्यार्थी, महिला आणि कामगार आघाड्याही बाद आहेत. खासगी एफएमसाठी २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात राजकीय संस्थेच्या ताब्यातली किंवा तिच्याशी संबंध असलेली कंपनी अपात्र ठरते. पण ज्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्षच आमदार आहे, तिचं काय? ती शिक्षणसंस्था म्हणून सरळ पात्र ठरते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे संस्थाचालक आणि पुढारी पुष्कळदा एकाच घरातले असतात, म्हणून ही फट आपल्याकडे फार मोठी आहे.

मग केंद्र कोणाचं हे तपासायचं कसं? आधी परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघा. ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर धर्मादाय कार्यालयात जा. संस्थेचा नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट एकची नक्कल मागा, त्यात विश्वस्तांची नावं असतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत परिशिष्टावर जुनीच नावं राहतात. कधी वारलेल्या माणसाचंही नाव तिथे दिसतं. म्हणून प्रलंबित बदल अर्जाचीही नक्कल घ्या. खरी कार्यकारिणी त्यातच सापडते.

कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिची कागदपत्रं उघडता येतात. ताळेबंदात गुंतू नका, एमजीटी-७ हे वार्षिक विवरण काढा आणि भागधारकांची नावं वाचा. भागधारक दुसरी कंपनी निघाली तर तिचंही तेच विवरण काढायचं, माणसाचं नाव लागेपर्यंत. ती नावं मग पुढाऱ्याने निवडणुकीच्या उमेदवारी अर्जासोबत दिलेल्या नमुना २६ च्या शपथपत्राशी ताडून पाहा. त्या शपथपत्रात उमेदवार, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेले एवढ्यांचीच मालमत्ता येते. कमावता मुलगा, भाऊ, सून त्यात नसतात, आणि शेअर बऱ्याचदा त्यांच्याच नावावर असतात. आडनाव सारखं आहे एवढ्यावरून मात्र आरोप करू नका. पाटील आणि चौधरी खानदेशात गल्लोगल्ली आहेत.

दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ट्रायने २०१४ मध्ये राजकीय संस्थांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांनाही प्रसारणातून दूर ठेवायची शिफारस केली होती. त्याचा कायदा झाला नाही. माझ्या मते पक्षावरची बंदी पदाधिकाऱ्याच्या संस्थेलाही लागू व्हायला हवी. सामुदायिक केंद्राची प्रसारित शक्ती साधारण १०० वॅटपर्यंतच असते आणि आवाज जेमतेम दहाएक किलोमीटर जातो, पण तेवढ्या टापूत अहिराणीतून बोलणारा दुसरा रेडिओ बहुधा नसतोच. तोही पुढाऱ्याच्या वाढदिवसात खर्ची पडला तर केळीच्या करपा रोगावर आणि गिरणेच्या पाण्याच्या आवर्तनावर बोलायचं कोणी?

निवडणुकीत रेडिओवरच्या राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते. मंजुरीविना जाहिरात वाजली तर तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहून जिल्हा समितीकडे तक्रार द्या, सोबत मोबाइलवरचं रेकॉर्डिंग जोडा. इतर वेळी सामुदायिक केंद्रावर प्रचार ऐकू आला तर तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करा, पण उशीर करू नका. केंद्राला कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीनच महिने जपून ठेवावं लागतं.