अलाइनमेंट हिरवं, गाडी मात्र आपल्या मनाची

व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन मोजून जुळवण्याच्या) काउंटरवर कोणी ‘सगळं ग्रीन आहे, मॅडम’ म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. कागद छान असतो: आधीचे आकडे, नंतरचे आकडे, प्रत्येक चौकोन हिरवागार. आणि गाडी गेटाबाहेर पडते ती पहिल्यासारखीच हेलकावत.

गाडी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरलेलं. तक्रार एकच, पण विचित्र. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नाक हलकेच उजवीकडे जायचं, पाय काढला की डावीकडे. एकसारख्या वेगात ठेवली तर सुतासारखी सरळ. ना थरथर, ना खडखड. रस्ता ओला असला की मात्र वळणात पाय काढायची छातीच होत नसे.

सोप्या गोष्टी पटापट निकालात निघाल्या. ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या आसपास स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघतात. माझं थरथरत नव्हतं. फक्त ब्रेक लावल्यावर ओढत असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलाय का ते बघतात. तोही मोकळा होता. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. वर-खालीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा, आडवा बहुतेक टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा). कुठेच काही नाही. (वर-खाली प्ले सापडलाच तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.) ‘टायर डावे-उजवे बदलून बघ’ हा सल्ला प्रत्येकाने दिला. पण माझे टायर एकाच दिशेने फिरणारे, शिवाय पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे. ते रिमवरून उतरवल्याशिवाय बाजू बदलताच येत नाहीत.

मग आलं अलाइनमेंट, आणि तिथे गाडी अडकली ती अडकलीच.

‘रस्त्याला उतार असतो, मॅडम.’ असतो, मान्य. पण रस्त्याचा उतार माझा पाय बघून बाजू बदलत नाही ना! ‘स्पोर्ट्स गाड्या जरा नाजूकच असतात.’ ‘तुम्ही स्टीअरिंग फार घट्ट धरत असाल.’ दर वेळी तीच गाडी त्याच रॅम्पवर चढायची, तेच कोन पुन्हा मोजले जायचे, नवा कागद निघायचा, पैसे भरायचे. कोणी सोबत बसून एक फेरी मारून बघेल? ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही.’ मी म्हणायचे, मागचे बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबर, तपासा. उत्तर तयार: बुश खराब असता तर रिपोर्ट लाल आला असता.

हे साफ चूक आहे. मशीन कॅम्बर (चाक आत-बाहेर किती झुकलंय), कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय) मोजतं ते उभ्या गाडीचं. तेव्हा चाकाला कोणी पुढे रेटत नसतं की मागे खेचत नसतं. रस्त्यावर इंजिनचा जोर मागच्या चाकाला पुढे ढकलतो, पाय काढला की इंजिन ब्रेकिंग त्यालाच मागे ओढतं, आणि ही सगळी ओढाताण आर्मच्या रबरी बुशवर येते. बुश फाटलेला असेल तर आर्म सरकतो, टो बदलतो. किती बदलला तर जाणवतो? १० मिनिटं घ्या, म्हणजे अंशाचा सहावा भाग. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर पुढच्या आणि मागच्या कडेत हा फरक जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा होतो. मागच्या एकाच चाकात एवढं झालं तरी गाडी मागून वळायला लागते आणि आपण उगाच स्टीअरिंगवर आळ घेतो.

पोर्शने १९७७ साली ९२८ ही गाडी आणली तेव्हा तिच्या मागच्या चाकांच्या ‘वाइसाख’ नावाच्या अ‍ॅक्सलमध्ये हीच गोष्ट कामाला लावली होती. वळणात पाय काढला किंवा ब्रेक लावला तर मागचं चाक बाहेर न वळता किंचित आत वळावं, शेपूट सुटू नये, म्हणून जोडणीतली लवचीकता मुद्दाम योजलेली. धड बुश एवढं करतो, तर फाटका काय करेल? हे मी काउंटरवर सांगूनही पाहिलं. समोरच्याने हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

शेवटी तपासणी मीच केली. सपाट जागा, इंजिन बंद, मैत्रीण आत ब्रेक गच्च दाबून बसलेली. आणखी दोघांनी गाडी मागे-पुढे हिसकली आणि मी मोबाइल जमिनीवर टेकवून मागच्या आर्मचं चित्रण केलं. डावीकडे रबर जरासं लवत होतं. उजवीकडे बोल्ट जागेवर आणि आर्म चक्क पुढे-मागे! व्हिडिओ एका जुन्या मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी एकदाच पाहिला, आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटा दिला, चीर उघडली. ‘चाक लोंबत ठेवून शोधलं असतं तर दिसली नसती,’ एवढंच म्हणाले. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

बुश दोन्ही बाजूंचे बदलले. आर्म सोडण्याआधी कोन ठरवणाऱ्या एक्सेंट्रिक बोल्टच्या जागेवर रंगाची खूण करून घ्या, नाहीतर गाडी पुन्हा अलाइनमेंटपर्यंत नेणंही कठीण होतं. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असतानाच. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मिस्त्री विसरतात, उभं राहून करवून घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली मात्र कोणी जाऊ नका, स्टँड लावा.

आणखी एक खूण होती, जी रिपोर्टच्या नादात कोणी पाहिलीच नाही. मागच्या टायरची आतली कड झिजणं अशा गाड्यांत नवल नाही, निगेटिव्ह कॅम्बर (चाक वरून आत झुकलेलं) असतोच. माझा उजवा टायर मात्र डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजला होता. दोन्ही बाजूंना तळहात फिरवून बघा, मशीनला पैसे देण्याआधी.

बुशनंतर अलाइनमेंट करावंच लागतं. त्या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाइतकं ओझं ठेवायला लावा. हलक्या दोन सीटच्या गाडीत एका माणसाने त्या बाजूची उंची बदलते आणि उंचीबरोबर कॅम्बर, टोसुद्धा. काउंटरवाले हसतात. हसू द्या, मी वाळूची पोती घेऊनच गेले होते.