तुम्ही विचारलंत म्हणून : जबरदस्त पाने आल्यावर किती लावावे?

न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, आणि मी तिथे एक-दोन सेंटच्या ब्लाइंडचे (पाने बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा; मोठी ती बिग ब्लाइंड) नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पाने, मधे सर्वांची पाच उघडी पाने आणि कितीही लावायची मुभा असलेला पोकर) खेळतो हे माहीत असलेली इथली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात, की जबरदस्त पाने आल्यावर थोडे लावून समोरच्याला खेळात धरून ठेवावे, की मोठी रक्कम लावावी? माझे उत्तर असे, की मोठी लावावी आणि पहिल्या फेरीपासून लावावी. (भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे खेळण्याचे आमंत्रण समजू नये.)

विचारणारे बहुतेक जण दिवाळीत तीन पत्ती खेळत मोठे झालेले असतात. तिथे चाल आधीच्या चालीवरून ठरते, मधे किती पैसे जमले आहेत याच्याशी तिचा संबंध नसतो. नो-लिमिटमध्ये मात्र पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, हेच माप असते, आणि आधीच्या फेरीत पॉटमध्ये गेलेला प्रत्येक सेंट पुढच्या फेरीचे माप वाढवतो.

समजा, तुमच्याकडे इस्पिक आणि किलवरची अठ्ठी आहे, दोघांपुढे दोन-दोन डॉलर आहेत. तुम्ही सहा सेंट केलेत, बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला (तेवढेच लावले), छोट्या ब्लाइंडचा एक सेंट धरून पॉट १३ सेंटचा झाला. फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पानांत) बदामाचा राजा, चौकटची अठ्ठी आणि बदामाची तिर्री आली, म्हणजे तुमचा सेट (तीन अठ्ठ्या) लागला. फ्लॉप, टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) या तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या एक-तृतीयांश लावलेत आणि प्रत्येक वेळी कॉल मिळाला, तर ४, ७ आणि १२ मिळून समोरच्याचे २३ सेंट येतात. तीन-चतुर्थांश लावलेत, तर १०, २५ आणि ६२ मिळून ९७. पाने तीच आणि माणूसही तोच.

तो पळून जाईल ही भीती या टेबलांवर बहुतेकदा अनाठायी असते, कारण हातात राजा असलेला खेळाडू इथे सहसा पाने टाकत नाही आणि दोन बदाम धरून फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) वाट बघत बसलेला तर नाहीच नाही. टर्ननंतर त्याला न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरतात, म्हणजे त्याची शक्यता साधारण २० टक्के. एक-तृतीयांश पॉटला कॉल करायलाही नेमकी २० टक्केच लागते, म्हणजे निव्वळ त्या फेरीच्या हिशेबाने तुम्ही त्याला ते पान ना नफा ना तोटा अशा भावात देता. तीन-चतुर्थांशाला ३० टक्के लागतात, आणि तरीही तो कॉल करतो. आपली खरी कमाई होते ती इथेच.

एक्क्यांच्या जोडीचेही तसेच. एकासमोर ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण कोणतीही पाने घेऊन चौघे शेवटपर्यंत थांबले तर ५६ टक्क्यांवर येते. म्हणून नुसता कॉल करून आत आलेल्या प्रत्येकामागे मी रेझमध्ये (म्हणजे बोली वाढवताना) एक बिग ब्लाइंड वाढवतो.

गप्प बसणे मला पटते ते एकाच प्रसंगी : हातात राजांची जोडी आणि फ्लॉपवर उरलेले दोन्ही राजे, कारण मग कॉल करण्याजोगे समोर काही उरतच नाही. आणि आतापर्यंत मुकाट कॉल करणाऱ्याने रिव्हरवर अचानक मोठा रेझ केला, तर एक्क्यांची नुसती जोडी मी टाकून देतो. या टेबलांवर असा खेळाडू तिथे क्वचितच थाप मारतो.