९४ वर अडकलेलं नेट आणि न घेतलेला राउटर

नवा राउटर घ्यायचा की नाही, हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. त्यातले सतरा दिवस नेट कंपनीच्या कस्टमर केअरने खाल्ले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते आहे. कुणी याच फेऱ्यात अडकलं असेल तर त्याचे तेवढे दिवस तरी वाचतील.

आमचा प्लॅन आधी ५० एमबीपीएसचा होता, तो २०० चा करून घेतला. नवरा आणि मी दोघंही घरून काम करतो, मुलीचे क्लास ऑनलाइन असतात आणि सासूबाईंच्या खोलीतला टीव्हीही नेटवरच चालतो. प्लॅन बदलल्याचा मेसेज आला आणि मी लगेच स्पीड टेस्ट लावली. ९३.८. संध्याकाळी ९४.१. दुसऱ्या दिवशी सकाळी ९३.९. मागच्या खोलीत तर १८ ते २०, आणि माझं कामाचं टेबल नेमकं तिथेच. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. महत्त्वाचं काही बोलायला घेतलं की समोरून ‘आवाज येत नाहीये’.

पहिला फोन केला. राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. केलं. फोनमधून वायफाय ‘फरगेट’ करून परत जोडा. जोडलं. मग प्रश्न आला, “मॅडम, राउटर किती वर्षांचा आहे?” पाच, म्हटलं. “मग तोच प्रॉब्लेम आहे. त्याची कपॅसिटी संपली. आमच्याकडून २०० पूर्ण जातंय.” कपॅसिटी संपते म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं तर तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. फोन ठेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

दुसऱ्या फोनला नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पुन्हा पहिल्यापासून तीस सेकंद. मी म्हटलं, हे सगळं परवाच झालंय, नोंद बघा. नोंदीत काय होतं? ‘ग्राहकाचा राउटर जुना, बदलण्याचा सल्ला दिला.’ म्हणजे तक्रार माझी आणि निदान आधीच ठरलेलं. कंपनीचा नवा राउटर भाड्याने घ्या म्हणून दोनदा गळ घातली. माणूस पाठवा म्हटल्यावर चार दिवसांनंतरची तारीख दिली, त्या दिवशी कुणी फिरकलं नाही आणि संध्याकाळी पुन्हा तोच मेसेज, तक्रार सोडवण्यात आली आहे. त्या मेसेजने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा मंद नेटनेही दिला नाही.

तिसऱ्या तक्रारीनंतर एकदाचा टेक्निशियन आला. राउटरपाशी उभं राहून त्याने स्वतःच्या फोनवर टेस्ट लावली, ९४ आलं. “वायफायवर निम्मंच मिळतं, मॅडम. राउटर बदला.” आला तसा पाच मिनिटांत निघून गेला. जोडणीच्या पेटीकडे, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याकडे, त्याने वळूनही पाहिलं नाही. त्याच्या पाठीला लॅपटॉपची बॅग होती. ती त्याने उघडली असती तर माझे पुढचे नऊ दिवस वाचले असते.

‘वायफायवर निम्मं मिळतं’ यात तथ्य आहे, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला. पण निम्मं कशाचं? प्लॅनच्या वेगाचं नाही, फोन आणि राउटर यांच्यातल्या जोडणीच्या वेगाचं. माझा राउटर वायफाय ५ चा, म्हणजे वायफायच्या पाचव्या पिढीचा आहे, खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलंय. असा राउटर दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतो, आणि ते १२०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ८६७ आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ३०० यांची बेरीज, तीही वर ओढून पूर्ण केलेली. एक फोन एका वेळी दोन्हींची बेरीज वापरत नाही, त्यामुळे तो आकडा दुकानापुरता. पण ८६७ चं निम्मं धरलं तरी चारशेच्या वर जातं. म्हणजे २०० एमबीपीएस पेलायला हा राउटर पुरेसा होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा मी नवा राउटर शोधत बसले होते. धाकट्या दिराचं म्हणणं, घ्यायचाच तर वायफाय ७ घे, पुढची दहा वर्षं बघायला नको. नवरा म्हणे वायफाय ६ पुरे. एक राउटर निवडून कार्टमध्ये टाकला आणि तो आठ दिवस तिथेच राहिला. बटण दाबायला हात धजत नव्हता, कारण एक गोष्ट मनाला पटत नव्हती. नेट खराब असेल तर आकडा वरखाली व्हायला हवा. माझा आकडा हलतच नव्हता. पहाटे ९४, दुपारी ९४, राउटरला फोन टेकवला तरी ९४.

मग एका रात्री मी फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं. तिथे ‘लिंक स्पीड’ लिहिलेलं असतं. ७८० एमबीपीएस! राउटर आणि फोन एकमेकांशी ७८० ने बोलत होते आणि टेस्ट मात्र ९४ दाखवत होती. म्हणजे अडथळा वायफायमध्ये नव्हता, राउटरच्या मागे होता.

राउटरचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक राउटरचं पान येतं, नाहीतर राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो. तिथे इंटरनेट पोर्टची, म्हणजे डब्याकडून येणारी केबल राउटरला जिथे लागते त्या जागेची माहिती होती, ‘१०० एमबीपीएस’. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० चा, आणि जोडणी १०० वर. डेटा छोट्या पॅकेटांत बांधून जातो, त्या वेष्टनाचा हिशोब वजा जाता १०० च्या जोडणीतून हाती ९४ च्या आसपासच येतं. जगात कुठेही स्पीड टेस्ट ९३-९४ वर खिळून बसली असेल, तर वाटेत कुठेतरी १०० ची जोडणी आहे का, हे सगळ्यात आधी बघावं.

डबा आणि राउटर यांच्यामधली केबल काढली, टॉर्च लावला आणि प्लग डोळ्यांजवळ धरला. प्लग पारदर्शक असतो, आत आठ खाचा आणि प्रत्येक खाचेत एक तार दिसायला हवी. माझ्या प्लगमध्ये चारच होत्या. नारिंगी, नारिंगी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी. निळी आणि तपकिरी जोडी केबलच्या सालीपाशीच कापून मागे दुमडून टाकलेली. १०० एमबीपीएस चालायला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन वर्षांपूर्वी डबा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, तेव्हा हा प्लग याच कंपनीच्या माणसाने माझ्यासमोर दाबून बसवला होता. प्लॅन ५० चा होता म्हणून दोन वर्षं काही कळलं नाही. २०० चा प्लॅन त्याच चार तारांवर विकला, आणि दोष माझ्या राउटरला!

चौथा फोन केला तेव्हा माझ्याकडे सगळं होतं. प्लगचा फोटो, राउटरच्या पानाचा स्क्रीनशॉट, पाच दिवसांच्या टेस्टच्या वेळा. उत्तर काय मिळालं? “डब्याच्या पुढची केबल ग्राहकाची जबाबदारी आहे.” तुमच्याच माणसाने बसवली, म्हटलं. “तशी नोंद नाही.” मी अडून बसले, निदान या तक्रारीत ‘प्लगमध्ये चारच तारा’ एवढं लिहा आणि मला वाचून दाखवा. चाळीस मिनिटांनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. त्याचं समाधान मला आजही आहे, कारण पुढच्या वेळी ‘राउटर जुना’ हे कुणी ऐकवू शकणार नाही.

शेवटी केबल मीच आणली. कारखान्यातून दोन्ही बाजूंनी प्लग बसवून आलेली, कॅट ५ई या दर्जाची, गरजेपुरत्या लांबीची. घरात गिगाबिटसाठी तेवढी पुरते. जुनी काढली, नवी लावली. राउटरच्या पानावर १०० च्या जागी १००० आलं आणि टेस्ट १९६ वर गेली. मी ती लागोपाठ तीनदा लावून पाहिली आणि मुलीला हाक मारून दाखवली.

मागची खोली मात्र तशीच होती, कारण तिथला प्रश्न खरोखरच वायफायचा होता. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. टीव्हीचा धातूचा पाठचा भाग, वर कपाट, मग भिंत. तो काढून मोकळ्या जागी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ठेवला. मागच्या खोलीत आता ५ गिगाहर्ट्झवर ७० मिळतं. माझ्या कामाला तेवढं भरपूर आहे. २.४ गिगाहर्ट्झची रेंज लांब जाते, पण आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी तिथेच असते. त्यावर चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातला एक भाग, ‘ऑटो’वरून काढून १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळा दिसला तो ठेवला. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. तो सुरू असताना सासूबाईंचा टीव्ही का अडखळायचा, तेही तेव्हाच समजलं. टीव्ही ५ वर टाकला.

आता घ्यायचा की नाही, त्याकडे येते. राउटरचे इंटरनेट आणि लॅन (घरातली उपकरणं वायरने जोडायचे) पोर्ट १०० चेच असतील, आणि एसी १२०० लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त राउटरचे तसे असतात, तर केबल बदलून काही होणार नाही. तेव्हा प्लॅन १०० च्या वर असेल तर राउटर बदलाच. वायफाय ४ चा, फक्त २.४ चा राउटर असेल तरी बदला, तो २००९ चं तंत्रज्ञान आहे. वायफाय ६ चा खरा फायदा एकाच वेळी पुष्कळ उपकरणं चालू असताना होतो, कारण तो एकाच फेरीत अनेकांना थोडं थोडं वाढू शकतो. पण त्यासाठी समोरचं उपकरणही वायफाय ६ चं लागतं. आमच्याकडे चौदा उपकरणं निघाली, त्यातली वायफाय ६ ची फक्त दोन. वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ पासून सुरू झालं, आमच्या घरात त्याचं एकही उपकरण नाही. दिराला हे सांगितलं, तोही मग गप्प बसला.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगाची नव्हती, अपडेटची होती. राउटर म्हणजे घराचं दार. त्याच्या कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं असेल तर तो कितीही वेगवान असो, काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. मॉडेलचा क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवर पाहिलं, शेवटचा अपडेट आठ महिन्यांपूर्वीचा होता आणि मी तो टाकलेलाच नव्हता. टाकला. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, माझ्या राउटरवर नाही. तिच्या आधीची डब्ल्यूपीए२, एईएस या कूटलेखनासह आहे, लांब पासवर्ड ठेवला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केली. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड पाच वर्षं तसाच होता, तोही बदलला. मग कार्टमधला राउटर काढून टाकला. दर सहा महिन्यांनी अपडेटचं पान बघायची आठवण फोनवर लावली आहे. अपडेट थांबले की राउटर बदलणार, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

एक सांगायचं राहिलं, आणि ते पहिल्याच दिवशी करायला हवं. टेक्निशियन आला की त्याला त्याचा लॅपटॉप थेट डब्याला वायरने जोडायला लावा आणि तुमच्यासमोर टेस्ट करायला सांगा. तिथे पूर्ण वेग आला तरच राउटरकडे बोट दाखवता येतं. टेस्ट चालू असताना आकड्याचा फोटो घ्या, आणि तक्रार बंद करायचा ओटीपी मागितला तर नेट सुधारल्याशिवाय देऊ नका.

हीच टेस्ट स्वतःच्या लॅपटॉपवर करणार असाल आणि त्याला वायरचा पोर्ट नसेल, तर यूएसबीचा अडॅप्टर गिगाबिटचा आहे ना ते आधी बघा. माझ्या नवऱ्याच्या बॅगेतला जुना अडॅप्टर १०० चाच निघाला. नवी केबल लावल्यानंतरही त्यावर ९४ च आलं, आणि अर्धा तास आम्ही दोघं पुन्हा केबलच तपासत बसलो होतो.