काखेतली जखम आणि डोक्यावरची कातडी

थंडी सुरू झाली की आमच्या बर्न्स वॉर्डात अंघोळीच्या पाण्याने भाजलेली मुलं येऊ लागतात. आई बादलीत हीटरचा रॉड लावून आत वळते, पोर खेळत खेळत येतं आणि बादली अंगावर ओढून घेतं. ही चार वर्षांची मुलगीही अशीच आली. उजवी काख, छातीची उजवी बाजू, पोट आणि मांडी भाजली होती. घाबरून कुणीतरी टूथपेस्ट फासली होती, ती अलगद काढण्यातच बराच वेळ गेला. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा आणि दुसरं काहीही लावू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. इथेही सांगून ठेवते.

पोट आणि मांडी दोन आठवड्यांत आपसूक भरून आली. छाती आणि काख मात्र पांढुरकीच राहिली. तिथे ड्रेसिंग करताना पोर रडतसुद्धा नव्हती, आणि आम्हाला नेमकी त्याचीच धास्ती असते. वरवर भाजलेलं झोंबतं, खोल भाजलेलं बधिर असतं.

पाणी एकच होतं, अंग एकच होतं, मग दोन जखमांची चाल वेगळी का? भाजल्याने वरची कातडी गेली तरी खालच्या थरात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्या शिल्लक असतात. त्यांना आतून तेच अस्तर असतं, जे वरच्या कातडीत असतं. जखम झाली की या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरलेला हात सैल करतात आणि उघड्या जागेकडे सरकायला लागतात. त्यांच्या मागच्या पेशी दुभंगत राहतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार. दुभंगण्याआधी प्रत्येक पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची पूर्ण नक्कल करते, म्हणून नवी पेशी जुनीसारखीच कातडीची होते. या सगळ्या फेऱ्याला साधारण दिवसभर लागतो. प्रत्यक्ष दोन भाग होण्याचं काम त्यातल्या जेमतेम तासाभराचं, बाकीचा वेळ तयारीचा. मांडीवर अशी शेकडो मुळं वाचली होती, म्हणून ती भरली. काखेत मुळंच जळाली होती. तिथे नवी पेशी यायची तर फक्त कडेकडून, आणि एवढी मोठी जखम नुसत्या कडेने भरायला महिने लागतात, शिवाय ती आक्रसते.

म्हणजे ग्राफ्ट हवा, अंगाच्या दुसऱ्या भागावरून काढलेली पातळ कातडी जखमेवर बसवायची. आमचे सर्जन सर म्हणाले, कातडी डोक्यावरून घेऊ. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, आणि तिथली जखम मांडीवरच्यापेक्षा लवकर भरते. हे ऐकून आई पुरती हबकली. "सिस्टर, आधीच पोर भाजली, आता डोकंही सोलायचं? मुलीची जात आहे, केस परत आले नाहीत तर?" शेजारी आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावळ काढलं तेव्हा आलेच ना केस?" मी म्हटलं, "आजी, जावळापेक्षा हे खोल असतं, पण केसाचं मूळ त्याहून कितीतरी खाली, चरबीत असतं. आपण वरचा पापुद्राच घेतो." तो पापुद्रा मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतका असतो. मूळ जागेवर राहतं, केसही येतो आणि नवी कातडीही त्याच मुळातून येते.

ऑपरेशनच्या दिवशी डोकं तुळतुळीत केलं, कातडीखाली सलाइन भरून ती ताठ केली आणि डर्मटोमने, म्हणजे कातडीचा पातळ पापुद्रा काढणाऱ्या यंत्राने, सरांनी दोन पट्ट्या काढल्या. त्या काखेत आणि छातीवर बसवल्या. पहिले एक-दोन दिवस ग्राफ्ट खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरच जगतो, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. तोवर तो तसूभरही हलता कामा नये, म्हणून हात बाजूला पसरून एरोप्लेन स्प्लिंटमध्ये बांधून ठेवला. पाचव्या दिवशी उघडला तेव्हा ग्राफ्ट गुलाबी दिसला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मला आठवतो तो आठवडा भरल्यानंतरचा दिवस, डोक्याचं ड्रेसिंग सोडण्याचा. आईला मुद्दाम शेजारी उभं केलं. वरची पट्टी काढली, आतली पॅराफिन गॉज, म्हणजे मेणचट जाळीदार पट्टी, मात्र ओढायची नसते; ओढली की कोवळा थर तिच्यासकट निघतो. कोमट सलाइनने भिजवत बसले. कडेने ती आपणहून सुटत आली. गॉजच्या जाळीतून दोन-तीन मिलिमीटरचे काळे खुंट वर आलेले होते, त्यांच्यावरून ती एकेक भोक सोडवत उचलली. खाली ओल नव्हती, रक्त नव्हतं. चकचकीत, फिकट गुलाबी, ताणून बसवल्यासारखी कातडी. सात दिवसांपूर्वी तिथे नुसता रक्ताळलेला पृष्ठभाग होता. आईने बोट लावू का विचारलं, मी हातमोजा दिला. खुंटांवरून बोट फिरवताना तिला रडू कोसळलं. इतकी वर्षं या वॉर्डात काढली, तरी त्या दिवशी मलाही बोलता आलं नाही.

या पेशींना आम्ही काही शिकवत नाही. त्यांना जंतुसंसर्गापासून जपायचं, ओलावा ठेवायचा, घासायचं नाही आणि पोटाला भरपूर घालायचं. हे शेवटचं घरच्यांना पटत नाही. मोठ्या भाजण्यात शरीराची गरज दुपटीपर्यंत जाऊ शकते. नवी पेशी घडवायला प्रथिनं लागतात, आणि ती खाण्यातून मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून काढतं. म्हणून अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याचा लाडू. "अंड्याने पू होतो" हे ऐकलं की मी तिथेच थांबून समजावते, कितीही घाई असली तरी.

ज्यांची स्वतःची कातडीच फारशी उरत नाही त्यांच्यासाठी पेशींच्या याच सवयीचा उपयोग झाला. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि १९८०च्या दशकात भयंकर भाजलेल्या दोन लहान भावांवर, त्यांच्याच टिचभर कातडीतून वाढवलेले थर बसवून त्यांना वाचवण्यात आलं. आमच्याकडे ती सोय नाही. डोकं मात्र प्रत्येकाकडे असतं, आणि ते भरलं की पुन्हा कातडी घेता येते.

डिस्चार्जच्या वेळी मी आईला बसवून पुढचं सांगितलं. नव्या कातडीत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी धड नसतात, म्हणून रोज खोबरेल तेलाने मालिश. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिवसातले तेवीस तास, निदान वर्षभर. रंग देणाऱ्या पेशी मागाहून पोचतात, तोवर उन्हापासून जपायचं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे: पोर वाढणार. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पेशी दुभंगत राहतील, हात लांब होईल, छाती रुंदावेल. व्रण मात्र त्या वेगाने वाढत नाही. आज वर जाणारा हात नवव्या-दहाव्या वर्षी अडू शकतो. मग काख मोकळी करायचं लहानसं ऑपरेशन करावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण उशीर झाला तर सांधा आखडतो.

ती मुलगी दर सहा महिन्यांनी दाखवायला येते. मी तिला भिंतीशी उभी करून उजवा हात वर करायला लावते, कानाला टेकतो का ते पाहते आणि कागदावर कोन लिहून ठेवते. मागच्या खेपेला हात कानाला टेकला. दोन वेण्या घालून आली होती.