चंदी कमी, चारा जास्त: नागपुरात घोड्याचं पोट सांभाळताना

नागपुरात घोडी पाळणाऱ्यांकडे चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, तयारी चोख असते. भिजवलेला चना, गव्हाचा कोंडा आणि लग्नसराईत वरून गूळ. चाऱ्याचं मात्र मिळेल ते: कधी गव्हांडा (गव्हाचं काड), कधी तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), पावसाळ्यात रस्त्याकडेचं हिरवं. काटोल रोडकडच्या आमच्या तबेल्यातल्या काठियावाडी घोड्या आम्ही यातून काढून चाऱ्यावर आणल्या. दाणा कमी करणं सोपं गेलं. कोरडा, स्वच्छ चारा वर्षभर पुरवणं हे खरं काम, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितो.

सुरुवात वजनापासून. काटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर घोडी साधारण ३४४ किलोची. रोजचा चारा, पाणी वगळून, वजनाच्या २ टक्के धरायचा, १.५ टक्क्याच्या खाली कधीच नाही. वाळल्या गवतातही १० टक्के ओल असते, त्यामुळे या घोडीला दिवसाला साडेसात किलो गवत लागतं. हिरव्याचा हिशेब वेगळा. लसूणघासात जवळपास ८० टक्के पाणी, म्हणजे पाच किलोचा भारा टाकला तरी पोटात कोरडा चारा एकच किलो गेला. डोळ्यांना ढीग दिसतो आणि घोडी रात्रभर उपाशी राहते.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाणं असो वा नसो. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. जठर रिकामं राहिलं की वरच्या, संरक्षक थर नसलेल्या भागाला आम्ल लागून व्रण होतात. म्हणून चाऱ्यात चार-पाच तासांपेक्षा मोठा खंड पडू द्यायचा नाही, आणि सगळ्यात मोठा वाटा रात्री दहाच्या सुमाराला टाकायचा.

दाण्याची मर्यादा मोठ्या आतड्यामुळे ठरते. तिथले जंतू चाऱ्यातले तंतू पचवतात. एका वेळी जास्त दाणा पडला तर लहान आतड्यात न पचलेला स्टार्च त्यांच्यापर्यंत पोचतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं, तंतू पचवणारे जंतू मरतात आणि पुढे पोटशूळ किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह. एका खाण्यात वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम स्टार्च हे सुरक्षित माप. ३४४ किलोच्या घोडीला कोरडा मोजलेला पाऊण किलो चना, किंवा मका असेल तर अर्धा किलोच. कच्च्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही, त्यामुळे मी मका देतच नाही. चना भिजून जवळपास दुप्पट भरतो, म्हणून माप नेहमी कोरड्याचं. मे महिन्यात रात्री भिजवलेला चना सकाळपर्यंत आंबतो. चार-पाच तास भिजवणं पुरे, उरलेला टाकून द्यायचा.

आता आपल्याकडे मिळणारा चारा. गव्हांडा आणि भाताचं तणस पोट भरतात, पण त्यात लाकडासारखे तंतू जास्त. एकट्यावर ठेवलं आणि पाणी कमी पडलं की मोठ्या आतड्यात गोळा अडकतो. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापुढे मी जात नाही. सोयाबीनचं कुटार गाईला चालतं. घोड्याला त्यातली धूळ आणि बुरशी सोसत नाही. हिरवी ज्वारी नकोच: कोवळ्या पिकात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, आणि ती सतत खाल्ली तर घोड्याचं मूत्राशय बिघडून मागचे पाय लुळे पडतात. नीट वाळलेला कडबा थोडा चालतो. मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, डेअरीवाल्यांसाठी ठीक. हवा शिरून खराब झालेल्या मुरघासातून बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो.

नेपिअर गवत हल्ली सगळीकडे लावलेलं दिसतं. त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुसरीकडे गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. नेपिअर आणि कोंडा ही जोडी रोजची झाली की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडणं, मग चेहऱ्याची हाडं फुगणं. 'शक्ती येते' म्हणून कोंडा वाढवणारे नेमकं उलटं करत असतात. आमच्याकडे कोंडा दिवसाला मूठभर, तोही औषध मिसळायला. कॅल्शियमसाठी लसूणघास, हिरवा चार-पाच किलो, फुलोरा नुकता सुरू झालेला. तो भाऱ्यात बांधलेला ठेवला की आतून तापतो. आणल्या आणल्या सावलीत पसरायचा. आणि कापूस-सोयाबीनच्या शेजारचा असेल तर फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. शेतकरी सांगतात, आपण विचारत नाही.

मुख्य चारा म्हणजे मारवेल, शेडा अशी वाळलेली गवतं. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात, फुलोऱ्याला आलेलं कापलेलं असावं. डिसेंबरात बाजारात येतं ते बहुधा बी गळालेलं, पिवळं, काडीसारखं. त्यात कुसळी गवत असेल तर तिची कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, घोडी अर्धवट चावून गोळे थुंकते आणि आपण दातांना दोष देतो. घेताना भारा मधून उकलायचा: हिरवट रंग, गोडसर वास, गाजरगवत नाही, झटकल्यावर पांढरी धूळ उडत नाही. मूठभर पिळून पाहायचं. काड्या कडकडून तुटल्या तर ठीक. शंका असेल तर काचेच्या बरणीत गवताचे तुकडे आणि कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, तो भारा नको.

जूनच्या मध्यानंतर नागपुरात कोरडं गवत मिळत नाही असंच धरून चालायचं. तिथून ऑक्टोबर संपेपर्यंत साडेचार महिने, एका घोडीला साडेसात किलोने एक टन, वर नासधुशीसाठी दहा-पंधरा टक्के. हा साठा मे संपायच्या आत छताखाली हवा. सुट्या गवताला दहा बाय बाराची खोली लागते. खाली लाकडी पॅलेट किंवा विटांवर फळ्या, जमिनीपासून किमान सहा इंच. भिंतीपासून फूटभर अंतर. टिनाचं छत असेल तर गंजी छताला भिडवायची नाही, पहाटे टिनाखाली घाम सुटतो आणि थेंब वरच्या थरावर पडून बुरशी धरते. प्लास्टिक थेट गवतावर टाकलं तरी तेच. झाकायचंच तर बाजू उघड्या ठेवून. उंदीर-वाळवीसाठी गंजीवर पावडर मारतात, ती शेवटी घोड्याच्या पोटात जाते. त्यापेक्षा मांजर बरं. नवीन गंजीत पहिले काही आठवडे लोखंडी सळई खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी हाताला लावून पाहायची. धरवत नसेल तर गंजी लगेच उकलायची. आतून तापलेलं गवत स्वतःहून पेट घेतं.

बदल सावकाश. आतड्यातल्या जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या तीन-चार दिवसांत नवं गवत पाव हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण. त्याच बेताने चना उतरवायचा. या काळात पोट सुटल्यासारखं दिसतं. ते आतड्यात साठलेलं चारा-पाणी असतं, चरबी नाही. हाताला बरगड्या लागतायत का ते पाहायचं. मालक मात्र इथेच घाबरून परत चन्यावर जातात. गवत भराभर संपत असेल तर तीन-चार सेंटिमीटर भोकांची जाळी वापरायची, पण नाल मारलेल्या घोड्याला ती खाली लोंबती नको, खूर अडकतो.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास गेला की पाणीच औषध. कामावरची घोडी ४० लिटरच्या पुढे जाते. उन्हातल्या काळ्या टाकीतलं गरम पाणी ती नीट पीत नाही, सावलीतला रांजण पुरा करते. मीठ दिवसाला ३०-३५ ग्रॅम, घाम जास्त असेल तर वाढवून. दुपारी चारा थोडाच, बाकी संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. वरातीला निघण्याआधी अर्धा तास लसूणघासाच्या दोन मुठी दिल्या की जठरात आम्ल उसळत नाही. वरातीत लोक हौसेने लाडू-जिलेबी पुढे करतात. लगाम धरणाऱ्याने नाही म्हणायला शिकायचं.

रोज लीद मोजायची. आठ ते बारा वेळा, ओलसर, पडल्यावर फुटणारे गोळे. कमी झाली, गोळे लहान-कडक किंवा चिकट झाले तर त्याच दिवशी पाणी तपासायचं. जमिनीवर खाणाऱ्या घोड्याची लीद काचेच्या भांड्यात पाण्यात ढवळून ठेवली की तळाला रेती दिसते. दिसली तर चारा गव्हाणीत घालायचा.

खूर आपटणं, कुशीकडे वळून पाहणं, लोळणं सुरू झालं की समोरचा चारा उचलायचा, नाडी मोजायची आणि डॉक्टरांना फोन. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. विसावल्यावरही ६० च्या वर असेल तर वाट पाहायची नाही. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. बाटलीने तेल किंवा काढा पाजायचा नाही. घोड्याला उलटी होत नाही, आणि श्वासनलिकेत गेलेलं तेल फुफ्फुसात राहतं. तेल द्यायचंच असेल तर ते डॉक्टर नाकातून नळीने देतात. दुखणं थांबवणारं इंजेक्शनही त्यांनी तपासल्यावरच, नाहीतर आतड्याला पीळ पडलेला असला तरी घोडी काही तास शांत दिसते.

ऑक्टोबरात नवं गवत आलं की जुन्याचा शेवटचा दोन आठवड्यांचा साठा मोडायचा नाही. नव्यात मिसळायला तोच लागतो.