तुम्ही विचारलंत म्हणून: होय, यमुनाच!

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. ओळख नवी असेल तर, "अय्या, यमुना? का हो असं ठेवलंत?" आणि ओळख जुनी असेल तर, "लोक इतकं बोलतात, तुला राग नाही का येत?" दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून ठेवते. दर वेळी सांगत बसलं की चहा गार होतो.

आमची लेक आता भिंत धरून चालते. नाव यमुना, घरात यमू, फारच धिंगाणा घातला तर यमुनाबाई. जन्मापासून तिला जितकी झबली मिळाली, त्याहून जास्त शालजोडीतले मिळाले. "नाव आवडलं नाही" असं मात्र आजवर एकानेही तोंडावर म्हटलेलं नाही. कौतुकच करतात सगळे. "धाडस केलंत हो!" "मोठी झाली ना, की शोभेल." "छान आहे, वर्गात दुसरी यमुना नसणार हे एक बरं." "आमच्या आजेसासूबाईंचं हेच. ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायच्या!" एका काकांनी बाळाला मांडीवर घेतलं, "नाव पवित्र आहे, नदीचं काय झालंय ते सोडून द्या," म्हणाले, आणि न सोडता दिल्लीच्या पुलाखाली तरंगणाऱ्या फेसाचं साग्रसंगीत वर्णन केलं. बाळाने त्यांच्या धोतरावर आपलं मत नोंदवलं.

बारशाची हकिगत सांगायलाच हवी, कारण सुरुवात तिथून झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या नणंदेने सातव्या महिन्यापासून फोनमध्ये यादी करून ठेवली होती: अन्वी, श्रीनिका, रियांशी, आणखी बरीच. त्यात पत्रिका आली. हस्त नक्षत्र, चौथा चरण. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं, आणि त्यांत सगळीच अक्षरं माणसाच्या कामाची नसतात. हस्ताच्या वाट्याला येतात पू, ष, ण आणि ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्यांनी 'ण'वरून काय ठेवायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या लेकीला 'ठ' आला. गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहारातलं तुमच्या आवडीचं ठेवा. तेव्हा 'यमुना'वरून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की कागदोपत्री ठमाबाई व्हायची पाळी आली होती.

वरवंट्याला झबलं-टोपडं घालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. मग नणंद पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं, बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिची यादी बाजूला पडली होती, तरी तिने नाव खणखणीत सांगितलं, हे तिचं मोठेपण. पाळणा हलत होता आणि कोणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी चुलतसासूबाई म्हणाल्या, "यमुना! किती साधं गं बाई. हल्ली साधेपणा राहिलाच नाही." लगेच घुगऱ्यांच्या वाट्या फिरल्या आणि सगळ्यांना तोंडात टाकायला काहीतरी मिळालं. जाताना नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, नाव लाखात एक आहे. मी यमू म्हणेन. यमी नाही म्हणणार, शब्द देते." यमीचा धोका तोवर आमच्या डोक्यातही आला नव्हता. आता पाळणाघरात सगळी पोरं तिला यमीच म्हणतात, आणि बाई सांगतात की इंग्रजीत त्याचा अर्थ फार चांगला होतो.

हे सगळं हसून सोडण्यासारखं आहे. एक शेरा मात्र मी हसून सोडलेला नाही. ओळखीतल्या एक बाई, चांगल्या शिकल्या-सवरलेल्या, बाळाला पाहायला आल्या. हातात चांदीचं वाळं. नाव ऐकलं आणि चेहरा उजळला. "अगं, आमच्याकडे यमुनाबाई होत्या कामाला! पंधरा वर्षं. फार प्रामाणिक. कपाट उघडं टाकून जायचे मी."

यात वाईट काय, असं नवऱ्याने विचारलं. वाईट शब्द एकही नाही, हेच तर शालजोडीचं कसब. पण कोणतं नाव कोणत्या घरात, कोणत्या कामाला शोभतं याचा एक हिशेब आपल्या डोक्यात असतो, आणि तो कौतुक करताना जसा बाहेर पडतो तसा भांडतानाही पडत नाही. यमुना, गंगू, सखू, द्वारका ही नावं भांड्यांपाशी. आपल्या पाळण्यात वेगळी. त्या यमुनाबाईंच्या नातीचं नाव काय असेल, ते मला माहीत नाही, पण पैज लावते की ते अन्वी किंवा श्रीनिका असणार. तीही यादी तोच फोन बघून झालेली असणार.

मीही काही गप्प बसले नाही. म्हटलं, "यमुनाबाई वाईकरही होत्या की." वाईच्या यमुनाबाई, लावणीसम्राज्ञी, २०१२ साली पद्मश्री, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. बसून अदा करायच्या आणि अख्खी बैठक जागेवर खिळायची. बाईंनी क्षणभर विचार केला. "अगंबाई, लावणीवाल्या?" त्यांच्या हिशेबात कामवालीच्या शेजारी आणखी एक खण भरला, एवढंच झालं.

आता जुन्या नावांची फॅशन परत आली आहे हे मला कळतं. सई आहेत, मुक्ता आहेत, जिजा, रमा आहेत. म्हणजे जुनं चालतं, पण निवडून. दोन अक्षरांत मावणारं, परदेशात उच्चारता येणारं. रमाला कोणी "धाडस" म्हणत नाही. मला गंमत वाटते ती ही, की न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुनाच होत्या, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. १८७३ मध्ये लग्न झालं आणि रमा झाल्या. आणि आमच्या डोंबिवलीहून दोन स्टेशनांवर, कल्याणच्या जोशांच्या घरात दुसरी यमुना होती. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशांशी लागलं आणि तिची आनंदी झाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली ती आनंदीबाई म्हणून. दोन्ही बायका शाळेच्या पुस्तकात आहेत. त्यांची पाळण्यातली नावं तांदळाच्या ताटात राहिली.

तांदळाचं ताट नव्या पोरींना ठाऊक नसेल. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव काढायचं. माझ्या आजीचं, आईच्या आईचं, असंच झालं. माहेरची यमुना, ताटात सुनंदा झाली. रेशनकार्डावर सुनंदा, पोस्टाच्या पासबुकावर सुनंदा, दारावरच्या पाटीवर अर्थातच आजोबा. यमू म्हणणारा शेवटचा माणूस तिचा धाकटा भाऊ. तो गेल्यावर तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.

झालं. ही गोष्ट सांगितली रे सांगितली, की समोरच्याचा चेहरा बदलतो. "अगं, मग आधी सांगायचं ना! आजीची आठवण!" डोळे ओले होतात. धाडस, साधेपणा, दिल्लीचा फेस, सगळं मागे घेतलं जातं. म्हणूनच ही गोष्ट सांगणं मी बंद केलं होतं. गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळे नाव माफ होतं, आणि मला माफी नको आहे. रियांशीच्या आईला कोणी विचारत नाही की बाई, का ठेवलंस? न पटलेल्या नावालाच तेवढं कारण द्यावं लागतं. खरं सांगायचं तर आठव्या महिन्यात आम्ही दोघं गॅलरीत उभे राहून नावं मोठ्याने म्हणून बघत होतो. जेवायला बोलावताना कसं वाटतं, चिडल्यावर कसं वाटतं. "यमुनाऽऽ" नीट लांबपर्यंत गेलं. खालचा वॉचमन वर बघायला लागला. तेव्हाच ठरलं. आजी नंतर आठवली, आणि आठवली तेव्हा बरं वाटलं.

नावावरून बोलणं खाणारे आम्ही पहिले नाही, आणि आमचं बोलणं फार हलकंही आहे. पूर्वी पोरं जगत नसत, तेव्हा आया मुद्दाम दगडू, धोंडू अशी नावं ठेवत, की काळाने म्हणावं, असल्याला काय न्यायचं. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले, तेव्हा युक्ती अगदीच वाया जात नसावी. ते प्रेमाने ठेवलेलं वाईट नाव. उलटंही आहेच. मुलगी झाली, पुन्हा मुलगी झाली, म्हणून नकुशा. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये प्रशासनाने अशा अडीचशेहून जास्त मुलींना एका कार्यक्रमात नवी नावं दिली. शाळेत रोज हजेरीला "नकुशा" म्हटल्यावर "हजर" म्हणायचं. हे आठवलं की "मोठी झाली की शोभेल" यावर रुसून बसायची मला लाज वाटते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: राग येतो, पण पुरत नाही. नवऱ्याचा उपाय सरळ आहे. तो प्रत्येक शेऱ्यावर "थँक यू" म्हणतो आणि हसत उभा राहतो. समोरच्याला आपण काय बोललो ते पुन्हा स्वतःशी म्हणून बघावं लागतं. मी उलट विचारते, "तुमचं नाव कोणी ठेवलं हो?" आणि मग ऐकत बसते. प्रत्येकाकडे त्याची एक हकिगत असते. "धाडस केलंत" म्हणणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, तर माहेरचं नाव मथुरा निघालं. "पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती," असं म्हणून त्यांनी कढीपत्ता मागितला.

एकदाच कौतुक निखळ झालं, तेही सरकारी कचेरीत. जन्मदाखल्यावर नाव घालायला मी गेले होते. वर्षाच्या आत गेलं की नाव घालायला पैसे पडत नाहीत, म्हणून मुदत गाठून गेले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना बाळानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आहे. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत अर्ज वाचला.

"यमुना कोण?"

"बाळ."

"बाळाच्या रकान्यात आजीचं नाही घातलंत ना? नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो."

"नाही हो, बाळच."

त्यांनी टाइप केलं. मान वर न करता म्हणाले, "बरं नाव आहे. स्पेलिंग विचारावं लागलं नाही. सकाळपासून पहिलंच." मागच्या बाईंच्या हातातल्या चिठ्ठीवर बाळाच्या नावात दोन 'आय', तीन 'ए' आणि एक एच होता. अंकशास्त्राप्रमाणे. खिडकीतल्या गृहस्थांनी तो कागद लांबूनच पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही हळू आवाजात विचारता: "उद्या तिला स्वतःलाच नाही आवडलं तर?" विचार योग्य आहे. अठरा पूर्ण झाली की ती स्वतः अर्ज करेल, फी भरेल, राजपत्रात छापून आणेल, आणि मग तांदळाचं ताट न लागता हवं ते नाव घेईल. फॉर्म भरायला सोबत हवी असेल तर मी जाईन. रियांशी व्हायचं असेल तरी हरकत नाही. नणंदेने फोन दोनदा बदलला, पण यादी उडवलेली नाही. मी परवाच विचारलं.